पाल्याचा चहा

एर्मेलिंद बाय भिंतीवरून फांदी टाकते
आणि दोनदा खोकते. तो तिचा फोन.
रविवारी, मिसाला जाण्याआधी,
दव असेतोवर.
मशिंग म्हणते ती. माझ्या शाळेच्या पुस्तकात शेवगा होता.

मी देठांवरून बोटं उलटी ओढत जाते.
नखाएवढी पानं सुटतात,
हिरवा वास कोपरापर्यंत चढतो.
उन्हात नाही वाळवायची. उन्हात रंग जातो,
आणि ज्यासाठी हे सगळं, तेही रंगाबरोबर.
म्हणून पंख्याखाली, जमिनीवर,
जुनं वर्तमानपत्र अंथरून.

शिरोड्याच्या आरोग्यकेंद्रात मी रक्त तपासते.
बोट, कापूस, टोच, थेंब, आकडा.
वीस वर्षांत माणसं विसरले, आकडे आठवतात:
अकरा पूर्णांक चार, तो बोरीचा, पोस्टात असतो.
आठ पूर्णांक सहा, तिसऱ्या खेपेची.
माझा स्वतःचा नऊ पूर्णांक दोन
मी दुपारी, कुणी नसताना, काढला
आणि रजिस्टरात लिहिला नाही.

तेव्हापासून हा चहा.
उकळी उतरली की दोन चिमटी पाला
(खदखदत्या पाण्यात टाकला तर कडू होतो, रुसल्यासारखा),
वर झाकण, पाच मिनिटं, माडाच्या गुळाचा खडा
आणि बिंबलाची एक चकती. आंबटाशिवाय लोह अंगी लागत नाही.
गाळत नाही. तळाचा पाला चमच्यानं खाते.
चव विचाराल तर पहिल्या दिवशी गोठ्याची.
आठव्या दिवशी गोठ्याची सवय होते.

कपभर पाण्यात कितीसं उतरतं, मला ठाऊक आहे.
मी आकड्यांची बाई, मला फसवणं कठीण.
तरी सहाला उठून स्वतःला थोडी फसवते.
खरा फायदा बहुधा एवढाच,
की या कपापायी तो दुसरा कप सुटला,
जेवणावरचा, दुधाचा.

मागच्या पावसाळ्यात एकदा पाला परतायला बसले.
खाली अंथरलेलं पान श्रद्धांजलीचं निघालं.
चौकोनाला लागून चौकोन. टाय, कुंकू, क्रूस,
कुणाचं तरी लग्नाच्या फोटोतून कापून काढलेलं हसू.
पानं बाजूला सारली तशी एक बाई वर आली.
प्रेमावती गावडे, वय अडतीस,
शोकाकुल सगळे कुटुंबीय.

मला नाव आठवलं नाही. सहा पूर्णांक नऊ आठवले.
काजूच्या कारखान्यातली.
तेलानं बोटं काळी, सोललेली,
टोचायला जागा शोधत मी म्हणाले होते, करंगळी द्या.
तिनं दिली, आणि विचारलं,
"बाय, हांवें कितें खांवचें?"
रांग दारापर्यंत होती.
"मशिंगेचो पालो. खंयय मेळटा,"
मी मान वर न करता म्हणाले.

कशानं गेली ते छापलेलं नसतं.
पाल्यानं वाचली असती असं मी म्हणणार नाही,
तेवढं शिकलेय.
पण तुझ्या दारात झाड आहे का,
हे मी विचारलं नव्हतं.
भाड्याच्या खोलीला कसलं दार, कसलं झाड.

पाला मी त्याच कागदावर पुन्हा पसरला.
तिच्या चेहऱ्यावर जरा विरळ.

आता कापसाच्या डब्याशेजारी दुसरा डबा असतो.
आकडा लिहून झाला की एक पुडी,
आणि मान वर करून, सावकाश, कृती.
डॉक्टर बघतात, बोलत नाहीत.
एकदाच म्हणाले, "हे औषध?"
म्हटलं, "नाही, चहा."

एर्मेलिंद बायला यातलं काही सांगितलेलं नाही.
ती भिंतीपलीकडून एवढंच कुरकुरते,
की झाड यंदा बोडकं दिसू लागलंय,
एकटी बाई तू,
पितेस तरी किती गो?