शून्य

मंगळवार पेठेच्या कोठीवर, सहाच्या आत,
मी यंत्राला शून्य शिकवते.
त्याला स्वच्छ हवा लागते, असं पुस्तिकेत छापलंय.
बेकरीची भट्टी पेटलेली, नागझरी भिंतीपलीकडे.
म्हणून गच्चीवर जाते, पाण्याच्या टाकीपाशी,
आणि इथली हवा शून्य आहे
असं आम्ही दोघं ठरवून टाकतो.

मग बाटलीतलं विष. पंचवीस पीपीएम,
मुदत ऑगस्टपर्यंत.
नळी लावली, टोपी बसवली.
अकरा, एकोणीस, तेवीसवर अडून बसलं.
गेल्या महिन्यात चोवीस होतं.
हेही म्हातारं होतंय.

झुंबरभाऊ खाली विडी विझवून उभे.
"माझं नाक आहे की," म्हणतात, "तीस वर्षांचं."
कसं सांगू,
तो वास वाढला
की आधी नाकालाच मारतो;
मग काहीच येत नाही. शून्य.

तेवीसचे पंचवीस करते.
पुन्हा गॅस सोडते. किंचाळतं.
समोरच्या गॅलरीतून कोणी ओरडतं, "झोपू द्या हो!"

भाऊ झाकणाला पहार घालतात.
मी आधी यंत्रच उतरवते,
दोरीने, हात हात मोजत.
भाऊ वर, विडीचं थोटूक कानावर.
माझे कान
खाली गेलेले.