पुडकं

वोर्म्सी बेटावर आधी एकच पुडकं फिरायचं.
एंडेलच्या मधमाश्या, साल्मेची सून,
कुणाचे कुजके बटाटे, कुणाचं मयत,
सगळं एकमेकांत कालवलेलं.
वाचायचं, आपलं पान जोडायचं, माझ्या पिशवीत टाकायचं.
लोक कुरकुरायचे: पुन्हा तेच बटाटे!

आता दुकानाबाहेर फळा आहे.
प्रश्नाखाली उत्तर, उत्तराखाली त्याचं उत्तर,
लोकरीच्या धाग्यानं ओवलेलं. चटकन सापडतं.
बटाटेवाले बटाट्यांपाशीच थांबतात.

काल बर्फ झटकताना
तळाशी एंडेलची चिठ्ठी दिसली, तीन आठवड्यांपूर्वीची:
"पेट्या गप्प झाल्यात. घरही."
खाली नुसता धागा लोंबत होता.

टाचणी उपसली,
चिठ्ठी पिशवीत टाकली
आणि साल्मेचं दार वाजवलं.
म्हटलं, वाच. मग पुढं दे.