बांधणीची तार

शुवैखच्या एक्स-रे खोलीत
इजिप्तचा तंत्रज्ञ पडद्याकडे बघतो, मग माझ्याकडे,
मग पुन्हा पडद्याकडे.
स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारतो, हे काय?
मी हवेत टाके घालून दाखवते. बेबी, म्हणते. अकरा महिने.
तो माशाल्ला म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो.

बाहेर रांगेत दोनशे माणसं,
सगळ्यांना एकच सिद्ध करायचंय, की आत काही नाही.
माझ्या आत पाच तारा आहेत.
अब्बाच्या अकाम्यावरून कंपनीच्या अकाम्यावर जाताना
त्याही सोबत येतील.

अब्बा मंगाफमध्ये वर्षानुवर्षं सळया बांधत होता,
मग फोरमन झाला.
फिल्म त्याने खिडकीच्या उजेडात धरली
आणि पीळ मोजले.
"अडीच. बरोबर. तीन दिले की तार तुटते."
सर्जनचं एवढं कौतुक त्याने कधी केलं नव्हतं.
वरून दुसरी मात्र तुटलेलीच.
"राहू दे. काँक्रीट धरलं की तारेचं काम संपतं."

मी वाढले. तारा तेवढ्याच राहिल्या,
बाहुलीच्या झबल्याच्या हुकांएवढ्या.

तेव्हा कागदावर लिहिलं होतं: दुरुस्ती पूर्ण.
अम्मीने तो लॅमिनेट करून हर्णैला नेला,
घराघरांतून फिरवला.
किती वर्षांसाठी पूर्ण, कुणी विचारलं नाही.
असं विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खाटेवर फरीनाचा मुलगा होता, कोलंबोचा.
अम्मी दर ईदला फोन करायची.
एका ईदला लागला नाही.
तिने पुन्हा लावला नाही.
नंबर वहीत आहे अजून.

गेल्या वर्षापर्यंत मी मुलांच्या क्लिनिकात बसायचे,
भिंतीवर जिराफ, बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला,
वय चोवीस.
आता मोठ्यांकडे पाठवलंय.
तहसीन परकार पुकारलं की मी उठते,
आणि तसबीह ओढणारे काका विचारतात,
वडील कुठे राहिले?

डॉक्टर हुदा सांगते, झडप गळते,
उजवा कप्पा सैलावलाय थोडा.
आज नाही, पण कधीतरी नवी बसवावी लागेल,
जमलं तर मांडीतून, छाती न उघडता.
लग्न? कर. मूल? आधी मला विचार.
साल्मियाची बस कुठे थांबते
ते सांगावं, अशा आवाजात.

रात्री डाव्या कुशीवर वळले की ऐकू येतं,
म्हणजे, मला वाटतं की येतं:
प्रत्येक ठोक्यामागून
थोडं परत फिरणारं.

अब्बाला सांगितलं, गळतंय.
तो बराच वेळ गप्प होता.
"जिथे माणसं राहतात तिथे गळतंच," म्हणाला,
"रिकाम्या इमारतीत कुणाला कळतं?"
मग उठला,
आणि एसीखालची बादली
ओतून आला.