आधी आकडा

ओजस धुरंधरनं टेबलावर ठेवलं ते वर्तमानपत्रात गुंडाळून,
बोंबील आणावेत तसं.
आजोबांच्या कांदेवाडीतल्या छापखान्याचं जुनं दोनशे शह्याऐंशी
खाली टॅक्सीत होतं, हे त्याच्या पोटातून निघालेलं.
"कसलंतरी कार्ड आहे. चालेल का, मावशी?"

तळहाताएवढी हिरवी पाटी.
खाली पिनांची चौकट, म्हातारा प्रोसेसर उठवून त्याच्या जागी बसणारी,
वर ऐसपैस नवा,
आणि त्याच्या पाठीवर चिकटवलेला ॲल्युमिनियमचा काटेरी पत्रा.
नाव त्या पत्र्याखाली.
उपसला तर नावासकट कातडी निघेल.

मग मी आजूबाजूला विचारलं,
पत्ता सापडला नाही की सात रस्त्याला पानवाल्याला विचारतात तसं.
क्रिस्टलच्या डबीवर पंचवीस.
कडेच्या चिपांवर चौऱ्याण्णव, पुढे बारा:
त्या सालचा बारावा आठवडा, मार्च,
मी डिप्लोमात नापास होण्याच्या बेतात होते.
कोपऱ्यात तीन पायांचा रेग्युलेटर.
तो उगाच नाही उभा राहत.
पाच व्होल्ट आत घेतो, तीन पॉइंट तीन बाहेर सोडतो,
म्हणजे पत्र्याखालच्या गड्याला पाच पचत नाहीत.
शेजारी जंपर. टोपी कुठल्या दोन पिनांवर हवी
ते छापणाऱ्यानं छापलेलं नाही.
मीटर लावला. बीप.
टोपी रेग्युलेटरच्या बाजूलाच आहे.
इतकं कळलं, नाव राहिलं.

आता वीज.
जुन्या सॉकेटमधून येते तेवढीवर हे उपाशी मरेल,
त्याला स्वतःची लाइन लागते.
चार पिनांचा कनेक्टर होता कधीतरी, मोडला,
म्हणून कुणीतरी दोन वायरी थेट डाखल्यात. लाल आणि काळी.
काळीचं टोक भोकातून घालून मागे वळवलेलं, बारीक आकडा,
आणि त्यावर मिरीएवढा लख्ख डाख.

मोझेस पेणकर.

"आधी आकडा, मृदुला, मग डाख.
नुसता डाख म्हणजे थुंकीनं चिकटवलेलं पाकीट."
आणि कुठलंही मशीन सुरू करायच्या आधीही, आधी आकडा:
किती व्होल्ट ते चिठ्ठीवर लिहायचं, मगच प्लग.
समोरच्या खांबावर कुणी चोरून आकडा टाकलेला दिसला
की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे,
"बघ, त्यालासुद्धा कळतं."

लाल वायर मात्र
करडी, फुगलेली, नुसतं ढेकूळ. आकडा नाहीच.
कुठल्या गाढवाचं काम, म्हणत मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.
तापेपर्यंत भिंगातून पुन्हा पाहिलं.
ढेकळात अडकलेला एक केस,
आणि डावीकडून उजवीकडे ओघळलेली शेपूट.
दुकानात डावखुरी एकटी मीच होते.

शनिवार असणार.
शनिवारी ते दिव्याचं बटणही दाबायचे नाहीत,
यायचे, खुर्चीवर बसायचे, हात मांडीखाली घालून.
धुरंधरांचा माणूस घाई करत दारात उभा,
लग्नसराईच्या पत्रिका अडलेल्या.
"तू कर," म्हणाले असतील. आठवत नाही.
रविवारी सकाळी उठून ते सहज बदलता आलं असतं.
काळी त्यांनी परत केली. लाल ठेवली.
मला बोलले नाहीत, अश्दोदला जाईपर्यंत नाहीत.

आयर्न बंद केलं.
चिठ्ठीवर लिहिलं: पाच.
बाहेरचा सप्लाय जोडला, आधी करंट कमी ठेवून,
कार्ड ओढायला लागलं तसा मीटर चार पॉइंट सहावर घसरला,
जरा वाढवला, चार पॉइंट नऊ, पाच.
पत्रा कोमट झाला.
स्क्रीनवर मेमरी मोजली गेली
आणि घड्याळ म्हणालं, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
ओजस हसला. बॅटरीचे वेगळे पडतील, मी सांगितलं.

"हे ढेकूळ नीट करणार ना?"
"राहू दे. तीस वर्षं धरलंय."

पावतीवर लिहिलं:
कार्ड, कंपनी कळली नाही.
लाल वायर पाच व्होल्ट, काळी अर्थ.
पिवळी जोडू नये.