साडेसहा

दशलक्षणाचा सातवा दिवस. उत्तम तप.
सकाळी माइकवरून मीच सांगितलं होतं
की इच्छेला अडवणं म्हणजे तप.
रात्री साडेनऊला, सांगली स्टँडच्या मागं,
गाड्यावरच्या बल्बखाली
नेमगोंडा खोत वडापाव खात होता.
दहा उपवास बोलला होता तो, नुसत्या कढवलेल्या पाण्यावर.

खात होता म्हणणंही बरोबर नाही.
दोन्ही हातांनी धरला होता,
लहान पोर धरतं तसा,
आणि डोळे मिटलेले.
बटाटा, कांदा, लसूण, वर रात्र.
एका घासात किती नियम मोडतात
हे मोजायची मला सवय आहे. मोजले.

मी बस्तीचा उपाध्ये. मिरजेहून गुडघ्याचं औषध घेऊन
गावची शेवटची एसटी गाठायला आलो होतो.
खांबाआड झालो.
त्याला मी दिसू नये म्हणून, की मला तो,
ते अजून ठरवता आलेलं नाही.

पण चौगुल्यांच्या पोराकडं मोबाईल होता.
आठव्या दिवशी अभिषेकाआधीच फोटो गावभर.
पंचकमिटी मागच्या खोलीत बसली,
सतरंज्यांच्या ढिगाला टेकून.
आष्ट्याच्या बँडला विसार गेलेला,
मानपत्रावर नाव छापून आलेलं.
"समाजाची अब्रू," एक जण म्हणाला.
"दंड," दुसरा.
तिसरा नुसता मान हलवत राहिला,
त्या हलण्यात मला थोडा आनंदही दिसला.

मी बोललो नाही. माझं मला माहीत होतं:
तीन वर्षं झाली, बस्तीत कुणी नसलं की
मी जयमालेतली चार कडवी गाळतो.
गुडघा म्हणतो बास, मी गुडघ्याचं ऐकतो.
भगवंत काही म्हणत नाहीत.
त्यांची नजर स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर.

राजमतीआक्का उंबऱ्याशी पूजेचे तांदूळ निवडत होती.
तरुणपणी तिनं सोळा उपवास केलेले,
ते आम्हाला तिच्या सुनेकडून कळलं.
"किती दिवस झालं हुतं रं त्याला?"
"सहा. सातव्या रात्री मोडला."
"म्हंजे साडेसहा." तिनं एक खडा बाजूला टाकला.
"धातलं साडेसहा. शाळेत पस्तिसाला पास करतासा की."
कुणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत.
"आणि साडेसहा दिवसांच्या रिकाम्या आतड्यावर
तळलेलं पडलंय. आग पडली असंल पोटात.
कुणी बघून आलं का?"

कुणी बघून आलं नव्हतं.

तिनं घरी जाऊन मुगाचं पाणी केलं.
तांब्या धरायला म्हणून मी मागोमाग गेलो.
खोताच्या बायकोनं दार उघडलं,
आमच्याकडं बघितलं नाही.
तो भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी.
हळदीच्या वखारीत जन्म गेलेला, नखं पिवळी.
"आक्का, मी..."
"गप. तोंड उघड."
"माझा उपवास मोडला, आक्का."
"मोडला म्हणून पारणं चुकतंय व्हय?
मोडलेल्याला तर आदुगर."
एक चमचा. मग थांबून दुसरा.
हनुवटीवरून ओघळलेलं तिनं पदरानं पुसलं.
मला कुणी काही विचारलं नव्हतं,
तरी तांब्यातलं पाणी हलत होतं.

बँडचं काय झालं, लोक विचारतात.
वाजला. विसार काही परत मिळत नाही,
आणि पाटलांच्या दोन पोरींनी दहा पुरे केले होते.
नेमगोंडा मिरवणुकीच्या शेवटी
कुणाच्या तरी आजोबांवर छत्री धरून चालत होता.
मानपत्र कपाटात आहे. फोटो पुसला की नाही, ठाऊक नाही.

परवा दुपारी बस्ती रिकामी. निदान मला तसं वाटलं.
जयमाला आली. नेहमीच्या जागी मी उडी मारली.
खांबामागून, फाटक्या आवाजात,
गाळलेलं पहिलं कडवं
कुणीतरी हळूच सुरू करून दिलं.