पातळी

बिरनाळे म्हणाला, रेघ पुसून घेऊ.
"काका, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की आधी तीच बघतं.
रंगाचे दोन हात मारू, भाडं हजारानं वर जाईल."
रंगही त्यानंच निवडला. बदामी.
मी पुण्यात, लेकीच्या बाल्कनीतून,
हो म्हणालो.

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात
आयर्विन पुलावरची मोजपट्टी वाचली मी.
दर तासाला फूट, इंच, वर कळवायचं.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
चढतंय का उतरतंय, एवढंच विचारायचे वरून.
शामरावनगरातल्या माझ्या तळमजल्यात पाणी शिरलं
तेव्हा मी पुलावर होतो, गावासाठी मोजत.
घरातली रेघ नंतर मोजली.
चार फूट दोन इंच.
सवय.

आता आकडे बिरनाळे मला पाठवतो.
पूर्वी तो मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर होता,
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा.
अजून भाडं बोलताना त्याचा हात खिशात जातो.
पहिले आले औषध कंपनीचे दोघे,
जाताना बल्बसुद्धा काढून नेले.
मग एक बँकेतला,
ज्यानं चार महिने नुसतं 'उद्या' भरलं.
तिसऱ्या वेळी बिरनाळेचा आवाज खाली आला:
"तसलीम नदाफ. मिरजेला नर्स आहेत.
एकट्याच, एक पोरगं.
वरच्या मजल्यावरचे कुरकुरतील, तुमचं तुम्ही बघा."
भाडं वेळेवर देतील?
"देतील की."
मग?
एजंट गप्प बसलेला
मी पहिल्यांदाच ऐकला.

करार अकरा महिन्यांचा. असे तीन झाले.
पहिल्या वेळी यंत्रावर तिचा अंगठा उमटेना,
दिवसातून पन्नास वेळा हात धुऊन
रेषा झिजल्या म्हणे.
दर पाच तारखेला निरोप: भाडं पाठवलंय काका.
कधी त्याच्या खाली: मोटर कण्हते.

एका ऑगस्टात रात्री अकराला फोन.
"पाणी वाढतंय का हो? टीव्हीवर काहीबाही सांगतात."
मी पुलावरच्या जुन्या माणसाला उठवलं,
तिला कळवलं: एकोणचाळीस. तासभर थांबलंय. झोपा.
ती म्हणाली, "घरात किती आलं होतं, त्या साली?"
मी,
ज्यानं इंचाची चूक कधी वर जाऊ दिली नाही,
म्हणालो, थोडं.

जतच्या सरकारी दवाखान्यात तिला नोकरी लागली.
बिरनाळेनं यादी पाठवली:
खिळ्यांची भोकं नऊ, नळ एक, काच एक,
भिंतीवर पेन्सिलीचं गिरबटलेलं, पूर्ण रंग लागेल.
डिपॉझिटातून पंधरा कापू.
मी म्हटलं, थांब, येतो.

घर झाडून ठेवलेलं. किल्ली शेजारी.
ओट्यावर डाळीचा एक रिकामा डबा विसरलेला.
आतल्या खोलीत बदामी रंगाला पोपडे,
आणि पोपड्यांखाली माझी रेघ,
होती तिथेच.
तिच्या बाजूनं दाराशी पेन्सिलीच्या खुणा, तारखांसकट:
सुहेल, तीन फूट नऊ.
सुहेल, तीन फूट अकरा.
पोराच्या अक्षरात रेघेवर बाण काढून लिहिलेलं:
पाणी.
सगळ्यात वरची खूण गेल्या महिन्यातली,
चार फूट तीन.
तिच्यापुढेही बाण:
मी.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.
बिरनाळेनं मागून विचारलं, "मारायचे का दोन हात?"
नको.
"आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"
आकडा सांग. फूट, इंच.
"भाडं पडेल काका."
पडू दे.

डिपॉझिट त्याच्यासमोरच पाठवलं, सगळं.
तिचा उलट निरोप आला: काका, नळाचे तरी कापा.
मी उत्तर दिलं नाही.
बिरनाळेनं मान हलवली, खिशातला हात बाहेर काढला,
आणि आपलं कमिशन मात्र
जुन्याच भाड्यावर धरलं.