कुलुपाची नोंद

कुमासीच्या कोर्टाबाहेर, आंब्याखाली माझं टेबल.
टाइपरायटरचा एक दांडा अडकतो.
तो नखाने उचलत
मी लोकांच्या शेवटच्या इच्छा लिहितो,
पानाप्रमाणे पैसे.

आज अकुआ बिरागो आली, कापडवाली,
सत्तरीची, डोक्यावर पत्र्याची पेटी;
मागे मुलगा याव येबोआ,
पेटीला हात लावू की नको करत.

"मृत्युपत्र," मी म्हणालो, कागद चढवत.
"ते नाव नको. मी अजून बाजारात बसते.
इच्छापत्र म्हण. इच्छा आहेत मला."

पेटी उघडली. बारा-बारा वारांच्या घड्या,
प्रत्येक कापडाला नाव, प्रत्येक नावाला साल.
हे लग्नातलं, कधी नेसलेच नाही.
हे थोरलीच्या वेळचं, भाव पडला तेव्हा घेतलं;
याचं जुळं होतं,
ते थोरलीच्या शाळेच्या फीत गेलं.
हे लाल-काळं. याचं नाव तिने सांगितलं नाही.

बँक तिला उशिरा कळली.
आधी कळला सुसूवाला,
रोज गाळ्यासमोर येऊन एक नाणं नेणारा,
कार्डावर एक रेघ ओढणारा.
एकतीस रेघा भरल्या की तीस नाणी परत,
एक त्याच्या पायपिटीचं.
सगळी कार्डं आहेत तिच्याकडे, दोऱ्याने बांधलेली.

आणि पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून,
एक कुलूप.

"हे काय म्हणून लिहू?"
"हेच आधी लिही."

नवऱ्याला जाऊन आठवडा झाला
तेव्हा त्याच्या आईकडची माणसं आली.
वाईट नव्हती. माझ्या हातचं जेवली, माझ्याबरोबर रडली,
आणि जाताना आतल्या खोलीला हे लावून गेली.
रीत होती. पुरुष आईच्या कुळाचा,
त्याच्या मागचं सगळं आईच्या कुळाचं.
आत माझं शिवणयंत्र होतं, माझ्या पैशाचं.
पावती मागितली असती तर काय दाखवणार?
एका छपराखालची माणसं
एकमेकांना कुठे पावत्या देतात?
पाच महिने मी त्या दाराबाहेर झोपले.

"आता कायदा आहे," मी म्हणालो.
"कायदा कोर्टात असतो. कुलूप दाराला."

याव हसला. चौतिशीचा,
दोन टॅक्सी, दीड टॅक्सीचं कर्ज.
"आई, मला कुठे मरायचंय एवढ्यात!"

ती बोलली नाही.
कुलूप उचलून त्याच्यासमोर ठेवलं, एवढंच.
आंब्याचं एक पान त्याच्यावर पडलं,
ते तिने बोटाने बाजूला केलं.

"माझं काय, माझी मुलं माझ्याच कुळाची.
लिहिलं काय, न लिहिलं काय.
पण तू गेलास तर तुझी बायको परकी.
आणि तेव्हा कुलूप घेऊन कोण येईल, माहीत आहे?
माझ्या बहिणी येतील.
मी येईन, याव.
रडेन, तिच्या हातचं जेवेन,
आणि मला ते चुकीचं वाटणारही नाही.
म्हणून आज लिही,
मी शहाणी आहे तोवर."

मी दुसरा कागद चढवला.
त्याने गाड्यांचे नंबर सांगितले,
कर्ज कुणाचं, किती, कधी फिटणार,
मुलीचं वय: दोन वर्षं, नाही, अडीच.
बायकोचं नाव सांगताना आवाज खाली गेला,
चोरी कबूल करावी तसा.

पैसे तिने दिले, दोघांचे,
आणि कुलूप पुन्हा गुंडाळलं, आजच्या वर्तमानपत्रात.

संध्याकाळी मी टेबल घरी आणलं,
यंत्र स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं.
एकवीस वर्षं दुसऱ्यांची लिहितो आहे,
पहिल्या ओळीला हात अडखळला नाही कधी.
आज दुसऱ्या ओळीला थांबलो.
दांडा अडकला नव्हता.

"एस्तर," मी हाक मारली,
"तुझं माहेरचं नाव...
सगळी अक्षरं सांग गं एकदा."

ओले हात पुसत ती दारात आली.
"कशाला?"